विली लोमन शोकांतिकेचा नायक आहे की नुसता हरलेला सेल्समन?

प्रश्नात विचारलंय की ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधला विली लोमन ट्रॅजिक हिरो ठरतो का, आणि अमेरिकन ड्रीमने, म्हणजे अमेरिकेत कष्ट केले की कुणीही वर येतो या स्वप्नाने, त्याचा बळी घेतला असं परीक्षेत लिहिलं तर चालेल का. त्याखाली कुणीतरी दोन ओळीत निकाल लावून टाकलाय, तो साधा लूजर आहे, शोकांतिका राजेरजवाड्यांची असते, आणि शेजारी नोकरी देत होता ती घेतली असती तर नाटक अर्ध्या तासात संपलं असतं. हे शेवटचं वाक्य मी आधी ऐकलंय, जवळजवळ शब्दन् शब्द. 2012 साली, न्यूयॉर्कमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात, माझ्या मोठ्या दिरांच्या तोंडून. त्यामुळे मी प्राध्यापिका वगैरे काही नाही, साधी बीकॉम आहे, तरी या प्रश्नाला मी उत्तर देणारच. अरे-तुरे करते, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याएवढा असेल.

शोकांतिकेची ॲरिस्टॉटलची व्याख्या तुला पाठ असेलच, ते सोडते. नाटककार आर्थर मिलरचा लेखही माहीत असेल. नाटक 10 फेब्रुवारी 1949ला ब्रॉडवेवर मोरोस्को थिएटरला लागलं आणि सतरा दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याचा ‘ट्रॅजेडी अँड द कॉमन मॅन’ आला. राजाच लागतो असं काही नाही, स्वतःचा मान राखायला जो जीव टाकायला तयार होतो तो कुठल्याही गल्लीतला असला तरी चालतो, असं त्याचं म्हणणं. परीक्षेत हा लेख सगळेच घालतात, तूही घाल. मला तो थोडा वकिली वाटतो, आपल्या लेकराची बाजू बापानेच मांडायची म्हणजे. खरा पुरावा नाटकातच पडलाय आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

दुसरा अंक काढ. विली त्याच्या मालकाच्या, हॉवर्डच्या ऑफिसात जातो की आता फिरती झेपत नाही, न्यूयॉर्कमध्येच कुठेतरी बसवा. आठवड्याला 65 डॉलर मागतो. हॉवर्डचं लक्ष नव्या रेकॉर्डरकडे, पोराने राजधान्यांची नावं म्हटलीयत ती ऐकवण्यात दंग. मग विली 50वर येतो, मग 40वर. शेवटी हातात नारळ. तिथून तो शेजारच्या चार्लीकडे जातो, उसने मागायला, आणि चार्ली म्हणतो माझ्याकडे ये, आठवड्याला 50 देतो, फिरती नाही. आता जोड लाव. ज्या 50साठी, 40साठीसुद्धा, त्याने थोड्या वेळापूर्वी त्या कालच्या पोरापुढे गयावया केली, तेच 50 समोर आयते वाढलेत आणि हा ताट बाजूला सरकवतो. का, तर तुझ्याकडे मला काम करता येणार नाही. बास. आणि नोकरी नको म्हणणारा हाच माणूस त्याच चार्लीकडून दर आठवड्याला 50 उसने घेऊन घरी पगार म्हणून देतोय.

हे फक्त मूर्खपणा म्हणून सोडून देणाऱ्यांनी कधी तशी नोकरी घेतलेली नसते. आमच्या घरात घेतली गेली, म्हणून सांगते.

2009चा जानेवारी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. ग्रीन कार्ड झालेलं, घराचे हप्ते चालू, मुलगा दुसरीत. नवरा एका कंपनीत अकरा वर्षं होता, तिचं नाव कशाला घेऊ. लेऑफ झाला तो मला बोललाच नाही. सकाळी तसाच दाढी करून, बॅग आणि डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी त्याच वेळेला परत. नोकरी गेल्यावर कंपनी देते ते सेव्हरन्सचे पैसे दर पंधरा दिवसांनी पगारासारखेच खात्यात पडत होते त्यामुळे बँकेवरूनही काही कळेना. मला कळलं डब्यावरून. वांग्याची भाजी दिली होती, निम्मी परत आली, आणि वर तेल थिजून पांढरा थर. ऑफिसात मायक्रोवेव्ह असताना अकरा वर्षं डबा कधी असा परत आला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी दुपारी गाडी काढली, उगीच दोन-तीन ठिकाणी फिरले, आणि शेजारच्या गावातल्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये त्याची गाडी दिसली, बर्फात, तो आत बसून जेवत होता, काचा वाफेने धुरकट झालेल्या. मी तशीच परत आले.

आणि बोलले नाही. आजही मला विचारतात का नाही बोललीस. काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाजी बंद केली. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, जे गार खाल्लं तरी घशाखाली उतरेल ते. पाच आठवडे.

तुझ्या नाटकात विलीची बायको लिंडा काय करते आठवतंय ना? तळघरात फ्यूज बॉक्समागे तिला रबराची नळी सापडते, विली गॅसने जीव द्यायच्या विचारात आहे हे कळतं, आणि ती रोज ती नळी काढते आणि तो घरी यायच्या वेळेला परत जागेवर ठेवते, कारण नाही ठेवली तर त्याला कळेल की हिला कळलंय. प्राध्यापक लोक लिहितात की लिंडा भाबडी आहे, नवऱ्याच्या भ्रमाला खतपाणी घालते. घालत असेल. त्या लोकांनी कुणासाठी धपाटे लाटलेले नाहीत एवढंच मी म्हणेन. (एक गंमत बघ, विली हॉवर्डला सांगतो कंपनीला 34 वर्षं दिली, लिंडा मुलांना सांगते येत्या मार्चला 36 होतील. मिलरने मुद्दाम केलं की चुकून, ते असो, बायकोचा हिशोब जास्त भरतो हे मला एकदम पटलं.)

तर, आमचा चार्ली म्हणजे समोरचे गुजराती काका. त्यांचं वाण्याचं दुकान, म्हणाले हिशोब बघ आणि काउंटरला उभा राहा, तासाला नऊ डॉलर. दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा गेला, त्याच दिवशी मला सगळं सांगितलं, आणि पुढे दोन वर्षं चार महिने तिथे उभा राहिला. पहिल्या आठवड्यात ऑफिसातला जुना सहकारी पीठ घ्यायला आला तर हा मागच्या गोदामात जाऊन पंधरा मिनिटं बटाट्याच्या पोत्यावर बसून राहिला, हे काकांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा कॅलिफोर्नियाहून भावोजींचा फोन आला, “वाण्याकडे पुड्या बांधायला इंजिनिअर केला का त्याला बाबांनी? जरा थांबायचं, चांगलं मिळालं असतं.” हे वाक्य लक्षात ठेव.

2012 सालच्या वसंतात ते दोघं आमच्याकडे आले. तोवर नवऱ्याला परत बरी नोकरी लागली होती, मी हौसेने ब्रॉडवेची चार तिकिटं काढली. माइक निकोल्सने बसवलेला प्रयोग, फिलिप सेमूर हॉफमन विलीच्या भूमिकेत, आणि नेपथ्य 1949चं, जो मील्झिनरचंच, ते उभ्या इमारतींनी घेरलेलं हाडंच हाडं उरलेलं घर. हॉफमन तेव्हा 44 वर्षांचा आणि विली 63चा, तरी पाय ओढत आला आणि दोन बॅगा खाली ठेवल्या त्यावरच माझे डोळे भरले. शेजारी नवरा अजिबात हलला नाही, तीन तास.

बाहेर पिझ्झा खाताना भावोजींनी ते वाक्य टाकलं, नोकरी घेतली असती तर नाटक अर्ध्या तासात संपलं असतं, काय एवढा इगो. मी म्हणलं, “भावोजी, यांनी घेतली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?” जाऊबाईंनी टेबलाखालून पाय मारला, मला. त्यांना आठवतच नव्हतं. म्हणाले दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

वेगळ्या नाहीत. हाच तुझ्या उत्तराचा मुद्दा आहे. विली आयुष्यभर मुलांना सांगत आला की चार्ली लोकांना आवडतो पण तो ‘वेल लाइक्ड’ नाही, लाडका नाही, आणि जगात लाडका असतो तोच जिंकतो. त्याचं दैवत डेव्ह सिंगलमन, वयाच्या 84व्या वर्षी हिरव्या मखमली सपाता घालून हॉटेलच्या खोलीतून फोनवर माल विकणारा, ज्याच्या अंत्ययात्रेला शेकडो सेल्समन आले. चार्लीची नोकरी घ्यायची म्हणजे हे सगळं गणित चुकलं असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. ते तो देत नाही, त्यापेक्षा 20,000 डॉलरच्या विम्यासाठी गाडी घालतो. मेल्यावर तरी माणसं लोटतील असं त्याला वाटतं, आणि थडग्यापाशी घरचे सोडून फक्त चार्ली आणि त्याचा मुलगा. म्हणजे चूक आहे, हट्ट आहे, आणि त्या हट्टापायी तो स्वतःला संपवतो, याला ट्रॅजिक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं. माझ्या नवऱ्याने ताट सरकवलं नाही म्हणून त्याच्यावर कुणी नाटक लिहिणार नाही, आणि भावोजींच्या लेखी तो अजून पुड्याच बांधतोय.

आता बाकीचं भराभर. ‘ड्रीमने बळी घेतला’ असं सरळसोट लिहू नकोस, कारण त्याच गल्लीत त्याच ड्रीमवर चार्लीचं नीट चाललंय, आणि त्याचा मुलगा बर्नार्ड सुप्रीम कोर्टात केस लढायला निघालाय आणि त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढत नाही. बळी घेतला तो लाडकं असण्याच्या ड्रीमने. विलीचे हात सुताराचे, चांगलं छत घालायचा, घराच्या पायऱ्या बांधायचा, त्यात त्याला कमीपणा वाटला नसता तर वाचला असता. मिलरने हे घरातच बघितलेलं, वडिलांचा कोटांचा धंदा 1929च्या मंदीत बुडाला आणि कुटुंब ब्रुकलिनला आलं. ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग रुळला तोही 1931च्या पुस्तकातून, म्हणजे सगळं कोसळल्यावर.

तुलनेला ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक घे. ते 1959मध्ये आलं, आणि योगायोग म्हणजे ज्या एथेल बॅरीमोर थिएटरात आम्ही विली पाहिला तिथेच. तिथेही विम्याचेच पैसे, बापाच्या मृत्यूचे 10,000, तिथेही एक माणूस समोर आलेला पैसा नाकारतो, पण काळ्या कुटुंबातला वॉल्टर ली नाकारतो आणि ताठ उभा राहतो, कारण तो पैसा गोऱ्यांच्या वस्तीत येऊ नका म्हणून देऊ केलेला असतो. ‘फेन्सेस’ नाटकातल्या ट्रॉयचं आणखी वेगळं, बेसबॉलचं दार काळ्यांना उघडलं तोवर त्याचं वय निघून गेलेलं. हे दोन परिच्छेद घातलेस तर परीक्षक खूश होईल. आणि ‘नटसम्राट’ आणायचा मोह झाला तर एवढंच बघ, बेलवलकर उंचावरून पडतो, विली कधी उंचावर नव्हताच.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. विली काही संत नाही. बॉस्टनमधली बाई आहे, तिला नवे मोजे देतो आणि घरी लिंडा फाटके शिवत बसते, मुलाच्या चोऱ्या हसण्यावारी नेतो. त्याला शेवटपर्यंत काही उमगतही नाही, उमगतं ते थोरल्या मुलाला, बिफला, आणि नायक कसा नाही हे सांगणाऱ्यांचा हाच सगळ्यात तगडा मुद्दा आहे, त्याला मी पुरी पडले नाही हे मान्य. आणि माझा नवरा विली नव्हता, मीच थोडी ओढाताण करतेय.

त्या रात्री परतीच्या ट्रेनमध्ये भावोजी-जाऊबाई झोपले होते. नवरा बराच वेळ खिडकीतून बघत होता आणि मग म्हणाला, “धपाट्यांचं मला तेव्हाच कळलं होतं.” मी म्हणलं मग बोलला का नाहीस. म्हणाला, “भाजी सुरू केली असतीस.”

निबंधात हे घालू नकोस. चार्लीचे 50 मात्र घाल. आणि भावोजी, तुम्ही या साइटवर असता मला माहितीये, त्या चारातल्या दोन तिकिटांचे पैसे ‘घरी गेल्यावर पाठवतो’ म्हणाला होतात, ते अजून यायचेत.