हेल्दी मिसळ आणि रुसलेला रविवार

माझ्याकडे खाण्याची तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही. चिडचिड होते, झोप लागत नाही, मुलगा ऐकत नाही, नवऱ्याशी बोलणंच होत नाही, असं काहीतरी घेऊन माणसं येतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडी हमखास स्वयंपाकघरात शिरते आणि थोड्याफार फरकाने एकच वाक्य कानावर पडतं: "मॅडम, आवडीचं सोडवत नाही आणि हेल्दी केलेलं कुणाच्या घशाखाली उतरत नाही."

मी समुपदेशक आहे, आहारतज्ज्ञ नाही. कुणी किती खावं हे मी सांगत नाही. मात्र नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, केकवरून घरात आठवडाभर अबोला का धरला जातो, हा प्रश्न माझ्या हद्दीतला आहे. अलीकडे तो इतक्यांदा समोर आला की एका ताईंची गोष्ट लिहावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई नाशिकच्या, इंदिरानगरमधल्या. नवरा अंबडच्या एका कंपनीत, मुलगा दहावीत, घरात सासूबाई. नवऱ्याच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा. डॉक्टरांनी वजन उतरवायला, चालायला, गोड-तळलेलं कमी करायला सांगितलं. ताईंनी 'कमी'चं 'बंद' केलं. साखर, मैदा, फरसाण घराबाहेर. एअर फ्रायर आला. शंकरपाळी नागलीची, लाडू खजुराचे, पुरणपोळीत ओट्स, आणि मिसळीवर तर्रीच नाही.

"मग घरात काय म्हणतात?"

"मुलगा क्लासवरून येताना वडापाव खाऊन येतो. सासूबाई म्हणतात, तुझी शंकरपाळी माझ्या दातांना झेपत नाहीत. आणि हे..."

"हे खात नाहीत?"

"खातात ना! तेच तर. खजुराचे लाडू चहाबरोबर चार-चार. विचारलं तर म्हणतात, तूच म्हणालीस ना, हे चालतात म्हणून."

हे ऐकून मला हसू आलं, कारण हे 'चालतात' मी फार घरांत ऐकलंय. साखर काढून गूळ घातला की हात सैल सुटतो. गूळ आणि साखर, कॅलरीच्या हिशोबात जवळजवळ सारखेच. खजुरात वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास साखरच असते. सोबत थोडा चोथा आणि खनिजं मिळतात, एवढाच फायदा. तूप गावठी असो की डेअरीचं, एका मोठ्या चमच्याला १२० कॅलरी. नागली गुणाची आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम देते. आपल्या पेठ-सुरगाण्याकडची माणसं पिढ्यान्पिढ्या तिच्या भाकरीवर राबली. पण त्यांनी ती तुपात परतून, खजुरात मळून चहाबरोबर चार-चार खाल्ली नव्हती.

याची उलटी बाजूही आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ आलिया क्रम यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच माणसांना तोच ३८० कॅलरीचा मिल्कशेक दोन वेळा दिला. एकदा त्यावर लिहिलं होतं १४० कॅलरी, समंजस पेय. एकदा ६२० कॅलरी, चैनीचं पेय. 'चैनीचं' समजून प्यायल्यावर भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, बरंच जास्त उतरलं. पेला तोच, पोट तेच. थोडक्यात, 'हे हेल्दी आहे बरं का' असं म्हणत वाढलेलं ताट अर्धी तृप्ती आधीच काढून घेतं. ताईंच्या घरात तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. मी त्यांना पहिलं काम दिलं ते चिठ्ठ्या काढण्याचं.

पण खरी गाठ तिथे नव्हती. ताई सारख्या मिसळीवर येत होत्या. नाशिकमध्ये रविवारची मिसळ म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. हे कुटुंब दर रविवारी गंगापूर रोडने शहराबाहेर जायचं, झाडाखालच्या टेबलावर बसायचं, काळ्या मसाल्याची मिसळ, पापड, दही आणि शेवटी जिलेबी. रिपोर्ट आल्यापासून ते बंद. आता मिसळ घरी.

एका भेटीत मी विचारलं, "त्या मिसळीतलं तुम्हाला काय आठवतं? यांना नाही, तुम्हाला."

"तर्री." लगेच उत्तर आलं. "मसाल्याचा वास. पापड मोडून वर टाकायचा तो."

"आणखी?"

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. या धंद्यात गप्प बसता येणं हे अर्धं कौशल्य आहे आणि ते मला बऱ्यापैकी जमतं, असं मला वाटतं.

"आणखी काय... रविवारी मला ओटा नसायचा हो."

आणि मग सगळं बाहेर आलं. "कुणीतरी आणून वाढायचं, कुणीतरी ताट उचलून न्यायचं. आठवड्यात तेवढंच. आता शुक्रवारी रात्री मटकी भिजत घालते, शनिवारी फडक्यात बांधते, रविवारी सहाला उठून वाटण करते. मग या सगळ्यांची तोंडं बघत बसते. मुलगा म्हणतो, ही मिसळ नाही, उसळ आहे."

डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या. मी ती जागा सोडली नाही.

"तुम्ही केलेलं त्यांनी आवडीने खावं असं वाटतं, की त्यांनी खाल्लंच पाहिजे?"

"खाल्लंच पाहिजे. यांच्यासाठीच तर करते."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर केलेलं सगळं वाया."

"मिसळ वाया, की तुम्ही वाया?"

"मीच," त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "असं कसं होईल? एका वाडग्यावरून?"

ज्या क्षणासाठी मी हे काम करते, तो हा. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराने काम करते. १९५५च्या सुमारास त्यांनी तो मांडला आणि मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांनी पोचवला. त्याचं मूळ साधं आहे: इच्छा जरूर ठेवा, तिचा हट्ट करू नका. घरच्यांनी चांगलं खावं ही ताईंची इच्छा रास्तच होती. तिच्या शेपटाला 'च' लागला आणि प्रत्येक उरलेलं शंकरपाळं त्यांच्या मायेचा अपमान ठरायला लागलं. त्यातून आदळआपट, त्यातून मुलाचा चोरटा वडापाव. मला स्वतःला यात सापडलेली गोष्ट अशी की आवडीच्या खाण्यात चव, सोबत आणि विसावा असं तिहेरी काही असतं. आपण सामग्री बदलताना फक्त चवीचा हिशोब करतो. ताईंच्या नव्या मिसळीने चव घालवली, सोबत बिघडवली आणि त्यांचा एकमेव सुट्टीचा दिवसही खाल्ला.

पुढचं काम त्यांनी घरी केलं. चौघांनी बसून आपापल्या आवडीच्या पदार्थापुढे लिहायचं, याचा जीव कशात आहे? जीव आहे तिथे हात लावायचा नाही, बाकी सगळं बदलायला मोकळीक. हा प्रश्न मी आता प्रत्येक घराला देते, कारण त्यातून निघणारी उत्तरं वेगळी असतात.

मिसळीत तिघांनी तर्री लिहिली. म्हणजे तर्री परत आली, पण वेगळ्या वाटीत, चमच्याने घ्यायची. लाल रंग तिखटामुळे येतो. कोमट तेलात ते उतरू दिलं तर थोड्या तेलातही तवंग चांगला येतो. चौघांसाठी दोन मोठे चमचे तेल, मोजून. वाडग्यात मटकी दुप्पट, फरसाण अगदी वाढताना मूठभर, म्हणजे कुरकुर टिकते. पाव दोघांत तीन. महिन्यातला एक रविवार बाहेरचा, पूर्ण थाटात. बाकीच्या रविवारी ओट्याशी बापलेक. पहिल्यांदा त्यांनी मसाला करपवला. ताईंनी उठून जायचं नाही, एवढंच मी बजावलं होतं. त्या बसून राहिल्या, हे मला मसाल्यापेक्षा मोठं वाटलं.

जिलेबीला सोज्वळ अवतार नको, असं माझं मत. ओव्हनमधली जिलेबी खाऊन माणूस नंतर खरी शोधायला निघतोच. गरम, दुकानातली, एक, आणि सावकाश. चिवड्याचं उलट: पातळ पोह्यांचा चिवडा मुळात भाजूनच करतात, तेल फक्त फोडणीपुरतं, तिथे काही गमवावं लागत नाही. श्रीखंडाला घरचा चक्का असला की साखर बरीच उतरवता येते, आंबटपणा छान लागतो. आणि द्राक्षांच्या दिवसांत फोडी घातल्या तर आणखी उतरते. पुरणपोळी सणाची आहे, वर्षातून चार वेळा होते. तिच्यात ओट्स घालू नयेत. खजुराचे लाडू राहिले, पण लहान वळायचे आणि एकच, कारण तो लाडू आहे, औषध नव्हे.

बाजारच्या 'मल्टिग्रेन', 'बेक्ड' पाकिटांबद्दल नेहमी विचारतात. पाकिटाच्या पाठीवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला मैदा असेल तर पुढच्या बाजूच्या कणसाच्या चित्राकडे बघू नका.

ज्यांना साखरेची औषधं किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणात एकदम मोठी काटछाट करू नये; साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. आणि कुणी लपूनछपून भान हरपून खात असेल, नंतर उलटी काढत असेल, तर तो पाककृतीचा प्रश्न नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडेच जा.

मुलाच्या वडापावाला आम्ही हात लावला नाही. त्याने कागदावर 'मित्र' लिहिलं होतं. आठवड्यातून एकदा, उघडपणे, असं ठरलं.

सासूबाईंचं मात्र कुठेच जमलं नाही. त्यांचा आवडता पदार्थ उपासाचा साबुदाणा वडा. १०० ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नाहीत, आहे तो सगळा स्टार्च, वड्यात जे बळ ते शेंगदाण्याच्या कुटाचं. तेव्हा कूट वाढवा, किंवा भगरीचं थालीपीठ करून बघा, असं ताईंनी सुचवलं. सासूबाईंनी भगर उपासाला आमच्यात चालत नाही म्हणून मोडीत काढली आणि कागदावर एकच शब्द लिहिला: तळलेला.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"त्यांचा वडा सोडून दिला. चतुर्थीला दोन, तळलेले, दह्याबरोबर. एअर फ्रायरमध्ये त्या आता पापड भाजतात, आणि मला म्हणतात, बघ, याचा खरा उपयोग हा."