ट्रान्सिल्व्हेनियाच्या गावांमधून गाइडबरोबर पायी: आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर

रोमानियात ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरातून, गावागावांतून आठवडाभर चालायची सहल आई-बाबांना झेपेल का, आणि फोनमध्ये नकाशा असताना गाइडचे पैसे कशाला भरायचे, असं तुम्ही विचारलंय. दोघंही साठीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात, घरी शाकाहार, आणि जून की सप्टेंबर हे अजून ठरत नाहीये. माझं मत आधीच सांगते: जा, दोघांनाही घेऊन जा, आणि पैसे वाचवायचे असतील तर राहण्याच्या जागेत वाचवा, गाइडमध्ये नको.

वाट चुकायची भीती हे त्याचं कारण नाही. तिथल्या डोंगरवाटा चांगल्या खुणावलेल्या आहेत. झाडांवर, दगडांवर पांढऱ्या चौकोनात लाल, निळे किंवा पिवळे पट्टे, त्रिकोण, ठिपके रंगवलेले असतात. फोनवरचा नकाशाही बहुतेक ठिकाणी बरोबर निघतो. गाइड लागतो तो मेंढ्यांच्या कुत्र्यांसाठी. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांवर असतात. त्या डोंगरांत अस्वलं आणि लांडगे आजही आहेत, त्यामुळे कळपाबरोबरचे कुत्रे शोभेचे नसतात. ते आकाराने मोठे, केसाळ असतात, आणि अनोळखी माणूस जवळ आला की चार-पाच मिळून धावून येतात. काहींच्या गळ्यात आडवं लाकूड लटकवलेलं दिसेल. रानातल्या जनावरांच्या मागे त्यांना पळता येऊ नये म्हणून ते बांधतात, तुमच्यासाठी नाही.

चांगला गाइड कळप लांबूनच हेरतो. आमच्या गाइडने एकदा घंटांचा आवाज ऐकूनच वाट सोडली आणि आम्हाला चांगला अर्ध्या तासाचा वळसा घालून नेलं. दुसऱ्या दिवशी वळसा शक्य नव्हता, तर त्याने उतारावर थांबून मेंढपाळाला हाक मारली, उत्तर येईपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही. मेंढपाळाने शीळ घातली, कुत्रे मागे वळले, मग आम्ही निघालो. ही हाक कुणाला, कुठल्या शब्दांत आणि किती अंतरावरून मारायची हे नकाशा सांगत नाही. तरीही आई-बाबांना आधीच सांगून ठेवा: कुत्रे आले तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. सगळ्यांनी जवळ जवळ उभं राहायचं आणि कळपापासून हळूहळू दूर सरकायचं. कुत्रा आणि मेंढ्या यांच्या मध्ये तर कधीच जायचं नाही.

अस्वलांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई विचारेल. युरोपीय संघात तपकिरी अस्वलं सर्वांत जास्त रोमानियातच आहेत. दिवसा, बोलत चालणाऱ्या गटाला ती सहसा दिसत नाहीत, कारण चाहूल लागली की ती स्वतःच बाजूला होतात. खाऊ उघडा टाकायचा नाही, पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने रानाकडे फिरायला जायचं नाही. कधीकधी परिसरातल्या सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात. अस्वल वस्तीजवळ दिसल्याची ती सरकारी सूचना असते. रोमानियन येत नसेल तर जीव दचकतो, गाइड असेल तर दोन वाक्यांत उलगडा होतो.

गाइडचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माळावर गवत कापणारा म्हातारा तुम्हाला एकट्याने दिसला, तर तुम्ही फोटो काढाल, तो मान हलवेल, संपलं. ओळखीचा गाइड असेल तर तुम्ही त्याच्याजवळ बसता. उतार इतके तीव्र आहेत की तिथे यंत्र चालत नाही, म्हणून आजही लांब दांड्याच्या कोयत्याने, उभ्याने गवत कापतात. कापण्याआधी तो जमिनीत ठोकलेल्या छोट्याशा ऐरणीवर पात्याची कड हातोडीने ठोकत जातो, अगदी हलक्या हाताने, बोटभर पुढे सरकत. कड कागदासारखी पातळ झाली की मगच धार. धारेचा दगड कमरेला लावलेल्या गाईच्या शिंगात, पाण्यात बुडवलेला असतो. थोडं कापलं की दगड बाहेर काढायचा, पात्याच्या दोन्ही बाजूंनी फिरवायचा, परत शिंगात. वाळलेलं गवत मधल्या खांबाभोवती रचून उंच गंजी करतात. तीच हिवाळ्यातली गाईंची बेगमी. खत आणि नांगर न लागलेल्या या कुरणांत रानफुलांच्या इतक्या जाती टिकल्यात त्या याच कापणीमुळे. कापणी थांबली तर झुडपं येतात, पाठोपाठ जंगल. हे कळल्यावर त्या हिरव्या उतारांकडे बघायची नजरच बदलते. म्हणूनच न कापलेल्या गवतात पसरून चालायचं नाही, एकामागे एक चालायचं, आणि उघडलेलं प्रत्येक फाटक आपल्या मागे लावायचं.

आता गुडघ्यांचं. कंपन्या रोजचे किलोमीटर सांगतात. ते वाचून काही ठरवू नका, रोजचा चढ आणि उतार मीटरमध्ये मागा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशोब दिला, तो आजही वापरतात: 5 किलोमीटरला एक तास, वर प्रत्येक 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 14 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असेल तर पावणेचार तासांच्या आसपास. हे न थांबता चालणाऱ्या दणकट माणसाचं गणित झालं. आई-बाबांच्या चालीने, जेवण, फोटो, गप्पा धरून तोच दिवस सहा-सात तासांचा होतो. आणि आईसाठी चढापेक्षा उतार बघा. चढताना दम लागतो, थांबलं की तो भरून येतो. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असताना शरीराचं वजन तोलत असतात, आणि ते थकले की सगळा भार गुडघ्यावर येतो. म्हणून निघायच्या दोन-तीन महिने आधीपासून नुसतं सपाटीवर फिरून भागणार नाही. जवळच्या टेकडीवर चढ-उतार करा, जिने उतरायचा सराव करा, आणि दोन काठ्या घेऊन चालायची सवय लावा. उतारावर काठ्या थोड्या लांब करायच्या. बूट तिकडे जाऊन नवे घ्यायचे नाहीत, इथेच घालून मऊ करायचे.

प्रदेश निवडताना हेच लक्षात ठेवा. ब्राशोव शहराच्या नैर्ऋत्येला पियात्रा क्रायुलुई हा चुनखडीचा डोंगर आहे, माथा 2238 मीटर. माथ्यावर जायची गरज नाही. त्याच्या पायथ्याच्या पठारांवर मगुरा, पेश्तेरा, शिर्निया अशी विखुरलेली गावं आहेत, घर इथे एक, तिथे एक, मध्ये कुरणं. बाबांना हे फार आवडेल, पण रोज खाली दरीत उतरून पुन्हा चढणं आलंच. ब्रान किल्ला तिथून जवळ आहे. ड्रॅक्युलाच्या नावाने तिथे गर्दी असते, पण ती कादंबरी ज्याच्याशी जोडतात त्या व्लाद नावाच्या पंधराव्या शतकातल्या राजाचा या किल्ल्याशी फारसा संबंध नाही. अर्धा दिवस पुरे.

दुसरा प्रदेश सॅक्सन गावांचा, आणि आईसाठी मी तोच सुचवेन. डोंगर बुटके, उतार लांबट आणि सौम्य. बाराव्या शतकापासून हंगेरीच्या राजांनी जर्मन भाषक लोकांना इथे वसवलं. हल्ल्यांपासून बचावासाठी त्यांनी गावातल्या चर्चभोवतीच तटबंदी उभारली. प्रेज्मेरच्या तटात आतल्या बाजूने खोल्याच खोल्या आहेत, वेढा पडला की प्रत्येक कुटुंबाने आपापल्या खोलीत शिरायचं. बिएर्तानचं चर्च 1993 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, 1999 मध्ये विस्क्री, प्रेज्मेर आणि इतर गावं त्यात जोडली गेली. 1989 नंतर बहुतेक सॅक्सन कुटुंबं जर्मनीला निघून गेली, त्यामुळे ज्यांनी ही घरं बांधली ते आज गावात फार थोडे उरलेत. गाइड हा विषय कसा सांगतो यावर त्याची पारख होते. संध्याकाळी विस्क्रीत रस्त्याच्या कडेला बसून राहा. गावच्या गाई चरून परततात आणि प्रत्येक गाय न हाकता आपापल्या दारात वळते.

माझा आराखडा असा: सॅक्सन भागात एकाच घरी तीन-चार रात्री, मग मगुरात तीन रात्री. रोज मुक्काम हलवणाऱ्या सहली कागदावर छान दिसतात, पण एखाद्या दिवशी आईचे गुडघे बोलले तर तिला विश्रांती घेता येत नाही, कारण सामान पुढच्या गावी गेलेलं असतं. एका जागी राहिलात तर ती अंगणात थांबेल, तुम्ही आणि बाबा चालून याल. पुढेमागे गाइडशिवाय चालावंसं वाटलं तर व्हिया ट्रान्सिल्व्हॅनिका ही 1400 किलोमीटरहून लांब वाट आहे, 2022 मध्ये पूर्ण झाली. दर किलोमीटरला कोरीव दगड उभा आहे. पण ते पुढच्या वेळी.

जून की सप्टेंबर? फुलं आणि गवतकापणी बघायची तर जूनचा शेवट ते जुलैचा मध्य. पण जूनमध्ये पाऊस जास्त, दुपारी गडगडाट होऊन सरी कोसळतात, आणि ओल्या गवताचा उतार निसरडा असतो. गुडघे सांभाळायचे असतील तर सप्टेंबर. हवा कोरडी, वाट घट्ट. मोठी कापणी उरकलेली असते, तरी कुठे कुठे दुसरं गवत कापताना दिसतात. कधीही जा, लांब पँट घाला आणि रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड चिकटली नाही ना ते बघा. तिच्यातून लाइमचा आजार होऊ शकतो.

जेवणाची काळजी सोडा. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास असतात, त्यात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्या जेवणाला 'दे पोस्त' म्हणतात. 'शाकाहारी' म्हणून सांगितलंत तर सुपात मांसाचं पाणी येऊ शकतं, 'दे पोस्त' म्हटलंत की घरातल्या आजीला नेमकं कळतं. मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा, घोटलेला घेवडा, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची झाकुस्का, हे सगळं त्यात बसतं. चीज आणि साय चालत असेल तर तसं वेगळं सांगा. स्वागताला आलुबुखाराची दारू पुढे करतील. छातीवर हात ठेवून हसून नाही म्हटलं तर कुणी रागवत नाही.

कंपनीला पैसे भरण्याआधी फोनवर विचारा: प्रत्यक्ष गाइड कोण, तो त्याच भागात राहतो का, गटात जास्तीत जास्त किती जण, प्रत्येक दिवसाला छोटा पर्याय आहे का, मधेच थकलं तर गाडी कुठवर येते, दिवसभर पाऊस लागला तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. 'बघू' म्हणाले तर दुसरी कंपनी शोधा. ज्याला गावं ठाऊक आहेत तो लगेच सांगतो, कुणाच्या घरी भाकरीची भट्टी आहे, कुठल्या चर्चची किल्ली कुणाकडे असते.

कागदपत्रांबद्दल जुन्या लेखांवर जाऊ नका. 1 जानेवारी 2025 पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो, त्यासाठी किमान 30,000 युरोचा विमाही. त्या विम्यात डोंगरातली सुटका धरलेली आहे का ते पॉलिसीत वाचून घ्या. चलन मात्र युरो नाही, लेऊ आहे. गावात रोख लागते, तेव्हा ब्राशोवमध्येच काढून ठेवा. तातडीचा नंबर 112.

कंपनीकडून रोजच्या चढ-उताराचे आकडे आले की इथे टाका. आईने कुठल्या दिवशी घरी थांबावं आणि बाबांना कुठला दिवस अजिबात चुकवू देऊ नये, ते मी बघून सांगते.