स्नो स्कूटर की स्नोमोबाइल?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही मनालीला गेलो होतो. सोलंगला बर्फावरून पळणाऱ्या गाडीवर मी आणि नात बसलो. तिथली मुलं तिला ‘स्नो स्कूटर’ म्हणत होती, म्हणून घरच्या ग्रुपवर फोटोखाली मी तेच लिहिलं. कॅनडातल्या भाच्याने लगेच कळवलं, ‘मावशी, ह्याला स्की-डू म्हणतात.’ त्याची बायको अलास्कात राहून आलेली. ती म्हणते ‘स्नोमशीन’. आमच्या ह्यांनी ‘हिमवाहन’ सुचवलं आहे. बरोबर शब्द कोणता?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुम्ही लिहिलेला शब्द बदलू नका. ‘स्नो स्कूटर’ हा सोलंगच्या मुलांनी पर्यटकांसाठी जुळवलेला शब्द आहे असं तुमच्या भाच्याला वाटत असेल, तर त्याला नॉर्वे-स्वीडनकडे बघायला सांगा. वर्षातले कित्येक महिने बर्फात काढणारे हे लोक या गाडीला ‘स्नो स्कूटर’च म्हणतात, फक्त त्यांच्या उच्चारात. सियाचेनमध्ये रसद आणि जखमी जवान वाहून नेणाऱ्या याच गाड्यांना आपलं लष्करही स्नो स्कूटर म्हणतं. हा शब्द तिथून सोलंगला आला की सोलंगला आपोआप सुचला, हा वेगळा विषय. पण तो उपरा नाही.

आणि तो चपखलही आहे. हँडल धरून, पाय दोन्ही बाजूंना टाकून बसायचं. पुढे चाकाच्या जागी दोन स्की, मागे रबरी पट्टा, आणि वेग वाढवायला उजव्या अंगठ्याखाली एक खटका. गिअर टाकावे लागत नाहीत, कारण इंजिनाची ताकद दोन पुली आणि एका बेल्टमधून मागे जाते. ज्यांनी पुण्यात कायनेटिक होंडा चालवली आहे, त्यांना ही रचना नवी नाही.

आता भाच्याचा ‘स्की-डू’. ते एका कंपनीच्या गाडीचं नाव आहे, पण त्यामागची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. क्वेबेक प्रांतातल्या व्हाल्कूर या गावी जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए नावाचा एक मेकॅनिक गॅरेज चालवत असे. बर्फावर चालेल अशा गाडीची त्याची खटपट लहानपणापासूनची. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखाली गेलेले, दवाखान्यापर्यंत नेणारं काहीच नाही, मूल गेलं. पुढे 1937 मध्ये त्याला दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बंद गाडी त्याने विकायला काढली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांच्यासाठी ती होती. खेळ-मौज हा तिचा हेतूच नव्हता. 1948 मध्ये तिथल्या सरकारने हिवाळ्यातही खेड्यांचे रस्ते मोकळे ठेवायचं ठरवलं आणि मोठ्या गाड्यांची मागणी घसरली. मग एका-दोघांसाठी छोटी गाडी करण्याकडे तो वळला. 1959 ची स्की-डू ती हीच. नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचं होतं, लिहिण्याच्या चुकीने शेवटचं अक्षर बदललं आणि तेच राहिलं, असं सांगतात. कुत्र्यांच्या स्लेजची जागा घेणारी गाडी म्हणून ‘डॉग’.

कॅनडात बरेच लोक कुठल्याही कंपनीच्या गाडीला स्की-डू म्हणतात. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश तळांवरही तीच बोली आहे. आपल्याकडे माझी आई ज्या मोपेडवरून शाळेत शिकवायला जाई, ती लुना नव्हती, दुसऱ्याच कंपनीची होती. पण घरात, शाळेत आणि पंक्चरवाल्याकडेही ती लुनाच. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. मात्र सोलंगच्या गाडीवर वेगळ्या कंपनीचं नाव असेल, तर फोटोखाली स्की-डू लिहिणं चुकीचंच होईल. तेव्हा भाच्याची दुरुस्ती मला मान्य नाही.

सूनबाईंचा ‘स्नोमशीन’ अलास्कात अगदी पक्का आहे. तिथे ‘स्नोमोबाइल’ म्हणणारा बाहेरचा ठरतो. पण इतर ठिकाणी हाच शब्द स्कीच्या उतारांवर कृत्रिम हिम उडवणाऱ्या यंत्रालाही लावतात. म्हणून तो अलास्कापुरता ठेवावा.

छापील मजकुरात, विशेषतः बातमीत किंवा स्पर्धेच्या वर्णनात, मी ‘स्नोमोबाइल’ लिहीन. तो कुठल्या एका कंपनीचा नाही आणि जगभर समजतो.

राहिला ‘हिमवाहन’. नवे मराठी शब्द घडवण्याला माझा विरोध नाही, उलट मी त्याच बाजूची आहे. याच पुण्यातले बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचं मराठीत वर्णन करत आणि पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द ऐकणाऱ्याला मैदान दिसत असे. ते शब्द टिकले, कारण प्रत्येकाने नेमकी एकच गोष्ट दाखवली. ‘हिमवाहन’ म्हटल्यावर काय दिसतं? रस्त्यावरचा बर्फ ढकलणारं अवजड यंत्र, घोड्यांची स्लेज, बोंबार्दिएची बंद गाडी, सगळंच त्यात बसतं. क्वेबेकच्या फ्रेंचभाषकांनी इथे बारकावा जपला. जुन्या बंद गाडीला ते ‘ओतोनेज’ म्हणत, म्हणजे बर्फाची मोटार. छोटीला ‘मोतोनेज’, म्हणजे बर्फाची मोटरसायकल. यजमानांना मराठीच शब्द हवा असेल, तर त्यांनी ‘हिमस्कूटर’ वापरून पाहावा. जोडशब्द संकरित आहे, पण उच्चारायला सोपा आणि ऐकताच कळणारा. ‘बर्फगाडी’ नको, पुण्यात त्याने बर्फाच्या गोळ्याची गाडी आठवेल.

एक तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिताना अडेल. स्नो स्कूटर स्त्रीलिंगी, आपल्या स्कूटरसारखीच. अनेकवचन ‘स्नो स्कूटरी’ करा. ‘स्कूटर्स’ची गरज नाही. आणि स्नोमोबाइल लिहाल तेव्हा तीही ‘ती’च, कारण आपल्या मनात ती गाडी असते, खिशातल्या मोबाइलमुळे तिला ‘तो’ करू नका.