'हम्बल्ड' म्हणजे अपमान नव्हे

वर्तकनगरच्या एका ताईंनी विचारलंय: ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात एका सत्कारात उत्सवमूर्ती भाषणात 'आय फील हम्बल्ड' म्हणाले, मग तो सत्कार झाला की अपमान? आणि ह्युमिलिएट, डिमीन, डिग्रेड, अबेस, डिबेस हे सगळं एकच का?

अपमान नाही. 'एवढ्या मोठ्या मानाला मी पात्र नाही, संकोच वाटतो' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. 'मी नम्र झालो' असं मराठी मात्र करू नका. नम्रपणा दुसऱ्यांनी सांगायचा असतो, आपणच सांगितला की फुशारकी वाटते. (इंग्रजीतही हल्ली बक्षीस घेणारा जो तो हम्बल्ड असतो, तो भाग वेगळा.)

हम्बल आणि ह्युमिलिएट एकाच घरचे. लॅटिन 'ह्युमस' म्हणजे जमीन, त्यावरून 'ह्युमिलिस' म्हणजे खालचा. पाय जमिनीवर असणं आणि धूळ चाटायला लागणं, दोन्हींत जमीन तीच. फरक पडतो तो चारचौघांमुळे. 'आम्हाला तिखटाचं काय सांगता' म्हणणारा पाहुणा ठाण्यातल्या 'मामलेदार' हॉटेलच्या तिखट मिसळीपुढे दुसऱ्याच घासाला नाक पुसत गप्प बसला, तर तो अनुभव हम्बलिंग. त्याची खोड जिरली, पण अब्रू शाबूत आहे. तेवढ्यात बरोबरचा कोणी मोठ्याने 'यांना लहान मुलांची प्लेट द्या हो' म्हणाला आणि शेजारची टेबलं हसली, की झालं ह्युमिलिएटिंग. त्याला आपल्याकडे पाणउतारा हा नेमका शब्द आहे.

डिमीन म्हणजे कमीपणा आणणं, बहुतेकदा बोलण्या-वागण्यातून. 'डिमीनर' म्हणजे वागणूक, त्यात कमीपणा नाही. तो 'वागणे' या अर्थाच्या दुसऱ्याच, जुन्या 'डिमीन'वरून आलाय.

डिग्रेडमध्ये 'ग्रेडस' म्हणजे पायरी. पूर्वी एखाद्याचं पद काढून घेणं हा त्याचा ठळक अर्थ होता. आता खाडीकाठच्या तिवरांचा ऱ्हास होतो तोही डिग्रेडेशनच. अबेस आज मुख्यतः धार्मिक लिखाणात दिसतो, आणि तोही बऱ्याचदा स्वतःबद्दल: लोटांगण घालणं. रोजच्या बोलण्यात वापरू नका, नाटकी वाटेल.

मला यातला सगळ्यात आवडता डिबेस, कारण तो नाण्यांना लागतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४४ पासून चांदीच्या नाण्यांत भरमसाट तांबं मिसळायला लावलं. वर चांदीचा पातळ थर. नाण्यावर राजाचा समोरून चेहरा, नाक उठावाचं, त्यामुळे हाताळून हाताळून आधी नाकावरची चांदी झिजायची आणि खालचं तांबं दिसायचं. लोकांनी राजालाच नाव ठेवलं, 'ओल्ड कॉपरनोज'. आपले सराफ याला 'हीण मिसळणं' म्हणतात. म्हणून भाषा, चलन, अभिरुची यांच्याबाबतीत डिबेस चपखल बसतो. सासूने सुनेला चारचौघांत टोमणा मारला, तर तिथे तो घालू नका.