शेजार आहे, मैत्री का नाही?

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे मी दोन वर्षांपासून तोक्योतील निशि-कासाई येथे राहते. शेजारच्या बाई रोज हसून बोलतात, ‘कोंदो’, म्हणजे पुढे कधीतरी, जेवायला जाऊ असेही म्हणतात, पण तो दिवस उगवत नाही. दिवाळीला डबाभर फराळ दिला, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी महागडी मिठाई आणून दिली आणि मीच अवघडले. माझे काय चुकले?

उत्तर : ताई, चुकले काहीच नाही, फक्त डबा मोठा झाला. मिळालेल्या भेटीची परतफेड करण्याला तिकडे ‘ओकाएशी’ म्हणतात, आणि भेट जितकी मोठी तितके घेणाऱ्यावरचे ओझेही मोठे. (शेजारणीचा डबा रिकामा परत न करणारे आपणही त्याच पंथातले!) त्याऐवजी ‘ओसुसोवाके’, म्हणजे आपल्याकडच्या पदार्थातला थोडासा वाटा, ही रीत धरा : चार शंकरपाळ्या लहान पिशवीत घालून, ‘गावाहून आल्या, थोड्या चाखून पाहा’ एवढेच म्हणून द्या. ‘कोंदो’ हे बहुधा सौजन्याचे बोलणे असते, त्यामुळे वाट पाहत न बसता दोन-तीन आठवडे पुढच्या दोन तारखा आपणच सुचवाव्यात, आणि तेही घरी नव्हे, तर जवळच्या कॉफीच्या दुकानात. घरे लहान असल्याने अनेक जण पाहुण्यांना घरी बोलावत नाहीत, त्याचा राग मानू नये. शिवाय ‘चोनाइकाइ’ या वस्तीच्या मंडळाच्या साफसफाईला एकदा हातमोजे घालून जाच. शेजाऱ्यांबरोबर गवत उपटताना बोलणे आपोआप सुरू होते.