हौशी रग्बी लीगची स्पर्धा चालते कशी? पगार नाही, तिकीट नाही, मग सामने भरवतं कोण?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा: इंग्लंडच्या उत्तर भागात गावोगावी रग्बी लीगचे (म्हणजे रग्बीच्या 13 खेळाडूंच्या प्रकाराचे) हौशी क्लब आहेत, खेळाडूंना छदामही मिळत नाही, मग गट कोण पाडतं, वेळापत्रक कोण लावतं, पंच कुठून येतात, एखादा संघ आलाच नाही तर काय होतं आणि नव्या क्लबला प्रवेश कसा मिळतो? मी यॉर्कशायरमधल्या एका हौशी क्लबमध्ये खेळाडूंच्या नोंदणीचं काम बघते, त्यामुळे यातलं बरंचसं रोजच्या हाताखालचं आहे.

‘संघ आलाच नाही तर’ इथूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते सगळी व्यवस्था या एका भीतीभोवती उभी आहे. शनिवारी दुपारी ठरल्या वेळी मैदानावर दोन पूर्ण संघ, एक पंच आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली माणसं हजर असली की स्पर्धा चालली. रग्बी लीगमध्ये संघात 13 खेळाडू आणि 4 बदली, म्हणजे 17 धडधाकट माणसं दर आठवड्याला लागतात. ही माणसं कारखान्यात पाळ्या करतात, छपरं शाकारतात, शाळेत शिकवतात. गेल्या शनिवारी कोणाचा खांदा निखळला, कोणाच्या बहिणीचं लग्न आलं, की आकडा खाली येतो. त्यामुळे 17 उभे करायचे तर यादीत तीसेक नावं हवीतच.

तरीही संघ जमला नाही तर समोरच्याला पुढे चाल मिळते, म्हणजे विजयाचे 2 गुण आणि नियमात ठरवून दिलेला स्कोअर. न येणाऱ्याला दंड होतो, बऱ्याच लीगमध्ये गुणही कापले जातात, आणि असं वारंवार झालं तर स्पर्धेतून नाव काढलं जातं. हे कडक वाटेल, पण यजमान क्लबचा विचार करा. मैदान आखलेलं असतं, सामन्यानंतर दोन्ही संघांना द्यायचं जेवण शिजलेलं असतं, क्लबहाउसच्या बारवर त्या दुपारच्या विक्रीची आशा असते. एका फोनवर हे सगळं वाया जातं. हंगामाच्या मध्यात एखाद्या संघाने अंगच काढून घेतलं तर त्याचे झालेले निकाल सहसा गुणतक्त्यातून पुसले जातात, आणि ज्यांनी त्याला घाम गाळून हरवलं होतं त्यांचे गुणही जातात.

आता सूत्रं कोणाच्या हातात ते सांगते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडचे क्लब जुन्या रग्बी संघटनेतून फुटून बाहेर पडले. खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही, हा वाद होता. त्यातून जो खेळ वाढला तो रग्बी लीग, आणि त्याची मुख्य संघटना म्हणजे रग्बी फुटबॉल लीग. पण तिचं लक्ष व्यावसायिक क्लबांकडे राहिलं आणि हौशी क्लबांची आबाळ होत गेली. म्हणून 1973 साली, पुन्हा हडर्सफील्डमध्येच, मॉरिस ओल्डरॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी क्लबांची स्वतंत्र संघटना काढली. तिचं नाव ‘बार्ला’, म्हणजे ब्रिटिश अमॅच्युअर रग्बी लीग असोसिएशन. माझ्या दृष्टीने आजची हौशी स्पर्धा तिथून सुरू होते.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रग्बी लीगमध्ये एक पैसाही न घेता खेळलेल्या माणसालासुद्धा रग्बी युनियनचे, म्हणजे ज्या जुन्या रग्बीतून हा खेळ फुटला तिचे, दरवाजे बंद होत असत. ‘बार्ला’ने यासाठी वर्षानुवर्षं भांडून 1987 मध्ये हौशी खेळाडूंना दोन्हीकडे खेळायची मोकळीक मिळवून दिली. हौशी खेळाडूला संघटना कशाला हवी, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

1986 मध्ये ‘बार्ला’ने राष्ट्रीय पातळीवरची हौशी लीग सुरू केली. 1993 मध्ये तिचं नाव नॅशनल कॉन्फरन्स लीग झालं. तिच्यात एकाखाली एक गट असतात. वरच्या गटात तळाशी राहिलेले खाली येतात, खालच्या गटातले अव्वल वर चढतात. तिच्या खाली विभागीय लीग आहेत: यॉर्कशायरची, वायव्येकडची, कम्ब्रियाची. आज रग्बी फुटबॉल लीगचे नियम हौशी खेळालाही लागू आहेत, तर ‘बार्ला’ आपले करंडक आणि निवड संघ चालवते.

गट पाडताना ताकदीइतकंच अंतरही बघावं लागतं. केल्स हा क्लब कम्ब्रियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वेस्ट हल हा क्लब पूर्वेला. एकाने दुसऱ्याकडे जायचं म्हणजे इंग्लंड आडवं ओलांडायचं. बसचं भाडं, पहाटे निघणं, रात्री परतणं. राष्ट्रीय लीगमध्ये हे गृहीत धरलेलं असतं. विभागीय पातळीवर मात्र शेजारपाजारचे संघ एकत्र ठेवण्यातच शहाणपण आहे, मग त्यात दोन-तीन सामने एकतर्फी झाले तरी हरकत नाही. लांबच्या प्रवासाला खेळाडू गळतात, आणि पुन्हा तीच 17 माणसांची अडचण समोर येते.

वेळापत्रकाचं गणित साधं दिसतं. गटात 12 संघ असतील तर प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर असे 22 सामने. एक संघ गळून 11 उरले तर सामने 20 होतात, पण शनिवार 22 च लागतात, कारण दर आठवड्याला कोणीतरी एक संघ रिकामा बसतो. त्यात चषकांच्या तारखा, सुट्ट्यांचे आठवडे आणि पावसाने वाहून गेलेले सामने बसवायचे. पूर्वी हा खेळ हिवाळ्यात चाले. मैदान गोठलं की सामना पुढे, आणि वसंतात आठवड्यात दोन-दोन सामने. 2012 मध्ये नॅशनल कॉन्फरन्स लीग वसंतापासून शरदापर्यंत खेळायला सुरुवात झाली. वाद पुष्कळ झाले, अजूनही हिवाळ्यावर जीव असलेले लोक भेटतात. मला बदल योग्य वाटतो. कोरड्या जमिनीवर चेंडू हातातून सुटत नाही आणि खेळ मोकळा होतो.

नोंदणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्यांना ही नुसती कागदपत्रं वाटतात. नाव नोंदल्याशिवाय कोणी मैदानात उतरू शकत नाही, कारण विमा त्या नोंदणीवर चालतो. एका क्लबातून दुसऱ्यात जायचं तर रीतसर बदली करावी लागते, आणि हंगामाच्या शेवटाकडे एक तारीख असते जिच्यानंतर नवे खेळाडू घेता येत नाहीत. ही तारीख नसती तर अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात बाहेरून ताकदवान खेळाडू आणले गेले असते. याच कारणाने बाद फेरीत खेळायला हंगामात ठरावीक सामने खेळलेले असावे लागतात. आणखी एक पेच दुसऱ्या संघाचा. बऱ्याच क्लबांचे दोन संघ असतात. पहिल्या संघाचा सामना नसलेल्या आठवड्यात त्यातले तगडे खेळाडू दुसऱ्या संघात उतरवले तर समोरच्या बिचाऱ्या पोरांवर अन्याय होतो. म्हणून कोणाला, कधी खाली उतरवता येईल यावर बंधनं आहेत. अपात्र खेळाडू खेळवला तर मैदानावर जिंकलेला सामना कागदावर हरावा लागतो. शुक्रवारी रात्री सामन्याची यादी तपासताना माझ्या डोळ्यांपुढे हेच असतं.

पंच क्लब निवडत नाही. पंचांच्या स्थानिक संघटना असतात, त्या नेमणुका करतात आणि पंचाला मानधन मिळतं. खालच्या गटांत बहुतेक वेळा एकच पंच येतो आणि दोन्ही बाजूंच्या रेषांवर क्लबांची माणसं झेंडे घेऊन उभी राहतात. पंच कमी आहेत, आणि याचं मोठं कारण प्रेक्षकांची तोंडं आहेत असं माझं ठाम मत आहे. सीमारेषेवर आपल्या लोकांना आवरायला क्लबची एक जबाबदार व्यक्ती उभी करतात ती म्हणूनच. लाल कार्ड मिळालं की पंचाचा अहवाल शिस्तपालन समितीकडे जातो आणि शिक्षा सामन्यांच्या संख्येत होते.

डोक्याला मार लागला तर मात्र कसलीच घासाघीस नाही. संशय आला तरी खेळाडू बाहेर. 2023 मध्ये ब्रिटनमध्ये तळच्या पातळीवरच्या सगळ्या खेळांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनुसार मेंदूला धक्का बसल्यावर किमान 21 दिवस सामना खेळता येत नाही. कोणी कितीही विनवण्या केल्या, सामना उपांत्य असला तरी.

पैशाचं उत्तर छोटं आहे. खेळाडू वर्गणी भरतात, शिवाय दर सामन्याला थोडे पौंड देतात. बाकी पैसा बारच्या विक्रीतून, स्थानिक दुकानांच्या जाहिरात-फलकांतून आणि सोडतींतून येतो.

लीगशिवाय एक मोठं आकर्षण म्हणजे चॅलेंज कप, हौशी आणि व्यावसायिक क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. 1896-97 पासून चालत आलेल्या या स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत हौशी क्लब असतात. 2025 मध्ये सुपर लीगचे, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतले, संघ तिसऱ्या फेरीपासूनच उतरवले गेले, आणि यॉर्क एकॉर्न या हौशी क्लबची गाठ हल किंग्स्टन रोव्हर्सशी पडली. एकॉर्न मोठ्या फरकाने हरले. जिंकणाऱ्यांनी पुढे त्याच वर्षी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर तो चषक उचलला. सोमवारी कामावर जाणाऱ्या माणसाला अशा संघासमोर उभं राहायला मिळतं, हे मला या खेळाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं.

राहिला नव्या क्लबचा प्रवेश. विभागीय लीगच्या तळच्या गटासाठी अर्ज करायचा. त्याआधी क्लबची घटना, विमा, मैदानाची व्यवस्था, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली माणसं आणि लहान मुलं खेळणार असतील तर त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी घेणारी नेमलेली व्यक्ती एवढं तयार हवं. राष्ट्रीय लीगमध्ये जायला नुसतं जिंकून भागत नाही. तिथे अर्जासोबत मैदान आणि कपडे बदलायच्या खोल्याही तपासल्या जातात. तुमच्या मनात क्लब काढायचं असेल तर आधी सचिव शोधा, खेळाडू त्यानंतर. चांगला सचिव असला की खेळाडू गोळा होतात. उलटं होताना मी तरी पाहिलेलं नाही.