तार्तूला येण्याआधी

प्रिय मुली,

तुझ्या प्रश्नांची यादी दोनदा वाचली. जॅकेट कुठलं घ्यावं, कुकर आणावा का, तूरडाळ मिळते का, पार्टटाइम काम पहिल्याच महिन्यात मिळेल का. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘ताई, दोन वर्षं काढली की पुढे जर्मनीला जाता येईल ना?’ मी त्या ‘काढली’ शब्दापाशी अडले. मीही असंच ठरवून उत्तर युरोपातल्या या एस्टोनियात आले होते. आपली बरीच मुलं या देशाकडे जिना म्हणून बघतात, आणि जिन्यात कुणी बिऱ्हाड थाटत नाही. भाषा शिकायची नाही, शेजारी कोण राहतं ते विचारायचं नाही, बॅगा अर्ध्याच उघडायच्या. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. तुझं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

अख्ख्या देशाची लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख. तार्तू, तुझ्या विद्यापीठाचं गाव, तर लाखाच्या आतलं, तुझ्या सांगलीहून कितीतरी लहान. विद्यापीठ मात्र १६३२ सालचं, स्वीडनच्या गुस्ताव अडॉल्फ राजाने काढलेलं. पण तिथे एस्टोनियन भाषेतून शिकवायला सुरुवात झाली ती १९१९ साली. त्याआधी लॅटिन, जर्मन, रशियन. स्वतःच्या गावातल्या विद्यापीठात स्वतःच्या भाषेत शिकायला या लोकांना २८७ वर्षं लागली. त्यांचा पहिला गाण्यांचा महोत्सव १८६९ साली याच गावात झाला, आणि आजही दर पाच वर्षांनी हजारो माणसं राजधानी ताल्लिनला एका मैदानात उभी राहून एकत्र गातात. घराजवळची मराठी शाळा बंद पडली तेव्हा तू किती हळहळली होतीस, ते मला आठवतं. या लोकांचा भाषेतला जीव तुला लगेच कळेल.

म्हणून पहिला आग्रह: पहिल्याच सत्रात एस्टोनियन भाषेचा नवशिक्यांचा कोर्स घे. विद्यापीठातच असतो, त्याचे क्रेडिट मिळतात. ‘इंग्रजीवर भागतं’ असं तुला सगळे सांगतील. खरंच भागतं, आणि घोटाळा तिथेच होतो. चौदा विभक्त्या आहेत म्हणून घाबरू नकोस. इंग्रजीत वाढलेल्याला त्या डोंगराएवढ्या वाटतात, आपल्याला नाही. घराला ‘माया’ म्हणतात. घरात म्हणजे ‘मायास’, घरातून म्हणजे ‘मायास्त’. शब्दाला शेपूट लावलं की अर्थ बदलतो, हे आपण बोबडं बोलत होतो तेव्हापासून करत आलोय. वर लिंगभेद नाही, ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द. वर्षभरात तू दुकानात, बसमध्ये, दवाखान्याच्या खिडकीवर निभावून नेशील. तुझा पहिला मोडकातोडका ‘आइतॅह’, म्हणजे धन्यवाद, ऐकून समोरच्याचा चेहरा कसा सैल होतो ते बघ.

आता या लोकांच्या गप्प राहण्याबद्दल. तुला पहिले काही महिने वाटेल की आपण कुणाला आवडत नाही. बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली तरी माणूस उभा राहील. वर्गातला मुलगा काल दोन तास तुझ्याबरोबर प्रोजेक्ट करत बसला असेल आणि आज नुसती मान हलवून निघून जाईल. ‘कसं काय’ असं सहज म्हणालीस तर समोरचा विचारात पडेल, कारण त्याला खरंच उत्तर द्यायचं असतं.

मी तेव्हा तार्तूच्या आन्नेलिन वस्तीत राहायचे, सोव्हिएत काळातल्या पाच मजली इमारतीत. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजीबाई होत्या. दोन महिने मी रोज ‘तेरे’, म्हणजे नमस्कार, म्हणायचे आणि त्या किंचित मान हलवायच्या. नोव्हेंबरात एका संध्याकाळी, म्हणजे चार वाजता, मी काळा कोट घालून जिना उतरत होते. त्यांनी दार उघडलं, माझ्या कोटाचा खिसा धरला आणि सेफ्टी पिनने त्याला एक दोरी अडकवली. दोरीच्या टोकाला प्लास्टिकचं चमकणारं छोटं घुबड, बरोबर माझ्या गुडघ्यापाशी लोंबणारं. ‘पिमे,’ एवढंच म्हणाल्या. अंधार. आणि दार लावून घेतलं. याला ‘हेल्कुर’ म्हणतात. गाडीच्या दिव्यात ते लांबून चमकतं, आणि अंधारात पायी चालणाऱ्याकडे ते असलंच पाहिजे असा इथला कायदा आहे. मला तो कायदा माहीत नव्हता, त्यांना मात्र मी काळ्या कोटात रोज दिसत होते. त्या दिवशी मी त्यांना गाजराचा हलवा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी डबा होता, घासून पुसून, आत त्यांच्या बागेतली सफरचंदं.

अंधाराचं मात्र सोपं करून सांगणार नाही. डिसेंबरात सूर्य नऊला उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. खरा कठीण महिना नोव्हेंबर: बर्फ नाही, सगळं ओलं, राखाडी. बर्फ पडला की उजेड त्याच्यावर परततो आणि जानेवारी उलट सुसह्य वाटतो. ‘ड’ जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून ऑक्टोबरपासूनच सुरू कर. दुपारी बारा ते दोन काहीही झालं तरी खोलीबाहेर पड, एमायोगीच्या काठाने चाल. नदीचं नावच ‘आईनदी’ आहे. झोप उलटीपालटी झाली, सलग आठवडाभर वर्गात जावंसं वाटलं नाही, तर विद्यापीठात मानसशास्त्रीय समुपदेशक असतात, त्यांची वेळ घे. आईला काळजी नको म्हणून फोनवर हसत राहण्यात मी एक अख्खा हिवाळा घालवला. तू तसं करू नकोस.

पैशांचं एकच सांगते, कारण तिथे मी पोळले. ओळखपत्रासोबत तुला बंद पाकीट मिळेल, त्यात दोन पिन. पहिली ऑनलाइन स्वतःची ओळख पटवायला, दुसरी ऑनलाइन सही करायला. दुसऱ्या पिनने केलेली सही हाताच्या सहीइतकीच पक्की. मी घरभाड्याचा करार असाच एका मिनिटात सही करून टाकला. भाडं परवडणारं होतं. जानेवारीचं हीटिंगचं बिल आलं तेव्हा कळलं की पाणी, वीज, हीटिंग सगळं वेगळं, आणि जुन्या इमारतीत हिवाळ्यात ते भाड्याच्या जवळपास जातं. घरमालकाने ते तोंडाने सांगितलं नव्हतं, करारात मात्र स्पष्ट होतं. घर घेशील तेव्हा मागच्या जानेवारीचं बिल मागून बघ. पहिल्या वर्षी होस्टेलच बरं.

काम मिळेल. विद्यार्थ्याला इथे कामासाठी वेगळा परवाना लागत नाही, अभ्यास आड येऊ द्यायचा नाही एवढीच अट. पण हिशेब कर: एका सत्रात ३० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे २६ तासांचा अभ्यास, म्हणजे ७८० तास. रात्री सायकलवरून डबे पोचवून सकाळी सेमिनारला डुलक्या घेणारी मुलं मी पाहिली आहेत. क्रेडिट कमी पडले की राहण्याचा परवाना धोक्यात येतो. पंधरा जणांच्या वर्गात तू आली नाहीस हे लगेच दिसतं. आणि प्राध्यापकांना अडचण आधी सांगितली तर ते ऐकतात. मुदत संपल्यावर कारण सांगितलं तर ऐकत नाहीत.

आपल्या लोकांबद्दल थोडं. गणपतीला, दिवाळीला सगळे जमतात, तू जरूर जा, मोदक वळायला बस. पण रोजचं जेवण, रोजच्या गप्पा, रोजचा कट्टा आपलाच झाला तर तू सांगलीतच राहिलीस. वसंतात विद्यार्थ्यांचा उत्सव असतो, मुलं घरी ठोकून बनवलेल्या तराफ्यांवरून नदीत उतरतात. तराफा बांधायला कुणीतरी हात मागेल, तेव्हा ‘मला येत नाही’ म्हणू नकोस.

खाण्याचं: डाळ-तांदूळ मिळतात, बॅगेचं वजन त्यात घालवू नकोस. छोटा कुकर आण. फोडणीत मिरची टाकण्याआधी स्वयंपाकघराचं दार लाव आणि खिडकी उघड, कारण धुराचा अलार्म प्रत्येक घरात असतो. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र भरपूर आण. इथे ‘कामा’ नावाचं पीठ मिळतं, जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं, ते केफिरमध्ये म्हणजे ताकासारख्या आंबट दुधात कालवून खातात. पहिल्या घासाला मला आजीचं सातूचं पीठ आठवलं आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. तुझ्या पहिल्या सकाळी तेच करून ठेवीन.

जॅकेट तिथून आणू नकोस, इथल्या सेकंडहँड दुकानात चांगलं मिळतं. बुटांवर खर्च कर. ताल्लिनला उतरलीस की तार्तूची बस पकड, अडीच तास लागतात. तिकीट काढलंस की वेळ कळव, मी स्टँडवर येते.

तुझी,
ताई